सहा इंचांचा ठराव

त्या दिवसांत गिरगावात ज्याच्या घरी चार खुर्च्या असतील त्याच्या घरी सभा भरत असे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. संध्याकाळी मैदानावर मोठी सभा, ती संपल्यावर गल्लीच्या तोंडाशी तिच्यावरची चर्चा, आणि तिथून घरी येणाऱ्या पुरुषांच्या अंगात सभाच संचारलेली. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे सगळं आयतंच मानवलं. आमच्या घरी गॅलरीला रंग कोणता द्यायचा यावर ठराव झाला होता. पापड गच्चीत वाळवायचे की गॅलरीत, यावरही झाला होता. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, मतदान, सगळं रीतसर. पापड लाटले आईने आणि मी, मतं दिली पुरुषांनी.

मला घरात आईपेक्षा जरा वरचा दर्जा होता. मी फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होते आणि माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून सभेचं इतिवृत्त मी लिहायचं, असं अण्णांनी ठरवलं होतं. लिहायचं, पण बोलायचं नाही. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून मी ऑफिस सुटल्यावर मोर्च्यात घसा फोडून यायचे, आणि घरी आल्यावर तोंड मिटून वही उघडायचे. याचा मला मनापासून राग यायचा, आणि तो राग मी कुठे काढला ते आता सांगते.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक पिकअप गाडी घेतली. लढाईत वापरलेली, लष्कराने मोडीत काढलेली, पुढे दोन दारांची केबिन आणि मागे उघडा हौदा. आजोबांच्या वेळच्या जमिनी एकेक करून गेल्या होत्या, उरली होती बदलापूरच्या पुढची एक आंब्याची वाडी. तिथे जायला शेवटचा मैलभर रस्ता म्हणून नव्हताच. शेताचे बांध, मुरूम, आणि वाडीच्या अर्धा मैल अलीकडे आडवा आलेला एक वहाळ, म्हणजे ओढा. त्या वहाळात बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्या दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मध्ये एक काळा दगड डोकं काढून बसला होता. दगड कसला, खालच्या कातळाचंच टोक ते. सुरुंगाशिवाय हलायचं नाही. बैलगाडी त्याच्यावरून सहज जाई. आमची पिकअप गेली की खालून ठण्ण असा आवाज यायचा आणि गाडी त्या दगडावर बसायची. मग गावातले बैल बोलवायचे, गाडी मागे ओढायची, आणि उरलेलं अंतर पायी जायचं. आईचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती कधी आलीच नाही. वाडीतले आंबे तिने टोपलीतच पाहिले.

गाडी चालवायचा माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू. गाडीची बॅटरी बारा महिने मेलेली असायची, म्हणून रोज सकाळी गाडी ढकलावी लागे. ढकलायला दादा, आणि आत स्टिअरिंगच्या चाकावर बसायला घरातलं सगळ्यात हलकं माणूस, म्हणजे मी. अशी मी गाडी शिकले. क्लच कधी सोडायचा हे मला दादापेक्षा आधी कळलं. नंतर मी रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं. अण्णांनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाले, "छान. जपून ठेव."

"मी वाडीपर्यंत गाडी नेणार," मी म्हटलं.

"आधी गाडीला तो वहाळ ओलांडू दे. ओलांडला की चाक तुझ्या हाती. मग तर झालं?"

गाडी वहाळ ओलांडणारच नाही, या खात्रीवर दिलेलं वचन होतं ते. पण अण्णांचा शब्द म्हणजे कचेरीतला शेरा. तो मी मनात शिक्क्यासकट ठेवून दिला. त्या दिवसापासून गाडी वहाळ ओलांडावी असं घरात सगळ्यात जास्त मला वाटू लागलं.

गाडी उंच करायची, हे दादाच्या डोक्यात आधीपासून होतं. पण कशी, यावर तीन मतं होती. गाडीचा सांगाडा स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेला असतो आणि पाटे खालच्या आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर. आस आणि पाटे यांच्या मध्ये ठोकळे घालायचे, हे दादाचं मत. पाट्यांच्या जुडीत आणखी एक पाटा वाढवायचा, हे शेजारच्या खोलीतल्या काकांचं. मोठे टायर घालायचे, हे कोणाचंच मत नव्हतं, कारण ते लालबागच्या मिस्त्रीचं होतं आणि मिस्त्रीला सभेचं आमंत्रण नव्हतं.

मिस्त्रीकडे मी गेले होते ती ब्रेकच्या कामाच्या निमित्ताने. शनिवारचा अर्धा दिवस होता. दादा मला गाडीजवळ बसवून हिंदमाताला शर्टाचं कापड बघायला गेला. मिस्त्रीचा गाळा एका मिरची कांडणाऱ्याच्या शेजारी होता, त्यामुळे तिथे प्रत्येक वाक्याला दोन शिंका ठरलेल्या. मी विचारलं, गाडी उंच केली तर दगड लागायचा थांबेल ना?  मिस्त्रीने एक गोणपाट अंथरलं आणि म्हणाला, "ताई, खाली वाकान बघा."

मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. मागच्या आसाच्या मधोमध कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा होता आणि त्याच्या पोटावर दगडाचे ताजे ओरखडे होते.

"ह्यो गोळो आसात बसलोहा," मिस्त्री शिंकत म्हणाला. "आस बसलोहा चाकावर. तुमी वर इमलो बांधलास तरी गोळो थंयच रवतलो."

एवढंच होतं ते. ठोकळे घाला, पाटे घाला, गाडीचं अंग वर जाईल, पण गोळा जिथल्या तिथे. गोळा वर उचलायचा तर चाकच मोठं हवं. मी गाडीखालून बाहेर आले तेव्हा मला जगातलं एक मोठं गुपित कळल्यासारखं वाटत होतं. दादा कापड घेऊन परत आला. निळ्या रेघांचं होतं. मी छान आहे म्हटलं.

त्या रविवारी सभा भरली. अध्यक्ष अण्णा. सूचक दादा. त्याने मांडलं, की गाडीला चार इंचांचे ठोकळे बसवावेत. शेजारच्या काकांनी एका पाट्याची दुरुस्ती सुचवली, ती पडली. मग ठोकळे कशाचे यावर अर्धा तास गेला आणि तिथे अण्णांचा चेहरा एकदम उजळला. माळ्यावर आजोबांच्या पलंगाचे चार पाय पडून होते. अस्सल बर्मा सागवान. आमच्यासारख्या घरांत जमिनी गेल्या तरी सागवानाचा अभिमान गेला नव्हता. लोखंडाला गंज लागतो, सागवानाला काही होत नाही, असं अण्णा म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी लेखणी खाली ठेवली. "पण त्याने आसाचा गोळा वर येईल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "इतिवृत्त लिहिणाऱ्याला चर्चेत भाग घेता येत नाही."

मी लेखणी परत उचलली. मिस्त्रीचं नाव घेतलं असतं, तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी चहा आणायला म्हणून आत गेले, तर दादा पाणी प्यायला मागोमाग आला. त्याला मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "चारच इंच कशाला रे? पलंगाचे पाय एवढे लांब आहेत. सहा तरी कर."

"सहा?" दादाच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला दिसत होतं. अख्ख्या गिरगावात सगळ्यात उंच गाडी, आणि तीत तो, निळ्या रेघांच्या शर्टात. बाहेर जाऊन त्याने स्वतःच्याच सूचनेला दुरुस्ती मांडली. सहा इंचांचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो माझ्या सुंदर अक्षरात लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

पलंगाचे पाय आमच्या गल्लीतल्या सुताराने कापले, आणि गाडीवर ते बसवायला दादाला कुठला तरी होतकरू फिटर मिळाला. सहा इंचांनी उंच झालेली गाडी गल्लीत उभी राहिली तेव्हा दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या. खरं सांगायचं तर ती दिसत होती झकास. दादा तिच्याभोवती हात मागे बांधून फिरत होता. अण्णांना आत चढवायला दोघांनी खालून टेकू दिला. मी हौद्यात बसले. आईने गॅलरीतून बघितलं आणि म्हणाली, "मला चढवायला शिडीच लागेल." ते कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

शीवपर्यंतच गाडीची चाल कळली. वळण आलं की ती आधी थोडा विचार करायची आणि मग सगळ्या अंगाने कलायची. ठाण्याला अण्णांनी तोंडात लवंग धरली. कल्याणला ते डोळे मिटून बसले. मी मागे दोन्ही हातांनी कठडा धरून होते आणि मनातल्या मनात हसत होते.

वहाळ आला. गावातली चार माणसं गाडी बघून उभी राहिली. दादाने ऐटीत गाडी चाकोरीत घातली. गाडी उतरली, पुढे सरकली, आणि खालून आवाज आला. ठण्ण. अगदी तोच, त्याच दगडावर, त्याच जागी. गाडी सहा इंच वर आणि गोळा तसूभरही नाही.

अण्णा उतरले. धोतर सावरत गाडीखाली वाकले. बराच वेळ तसेच होते. मग सरळ होऊन त्यांनी बैल आणायला सांगितलं, आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. मी मात्र त्या दिवशी पोटभर हसले, तेही मोठ्याने.

हसू परतीच्या वाटेवर गेलं. कल्याणच्या अलीकडे उतारावर मागून कडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे झुकली. दादाने कशीबशी ती रस्त्याच्या कडेला घेतली. आजोबांच्या पलंगाचा पाय उभा चिरला होता. आम्ही तो दोरखंडाने आवळला आणि बैलगाडीच्या चालीने मुंबई गाठली. अण्णा पुढे ताठ बसून होते. मी मागून त्यांची टोपी बघत होते. सहा हा आकडा माझा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः लालबागला निघाले आणि मला म्हणाले, "तू चल." दादा आमच्या आधीच चिरलेला ठोकळा आवळून गाडी घेऊन गेला होता आणि गाळ्याच्या दाराशी मान खाली घालून उभा होता. मिस्त्रीने ठोकळा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि आम्हा तिघांना असं काही झापलं, की शेजारच्या मिरचीवाल्याने यंत्र थांबवलं. लाकूड गाडीखाली घालतात? ब्रेकची नळी केवढी ताणली आहे ती बघितली का? ती सुटली असती तर? मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमका मी सांगितलंय मां? मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यात?"

मला रडू आलं. मी तिथेच अण्णांना सगळं सांगितलं. गोळ्याचं मला ठाऊक होतं, आणि चाराचे सहा मीच करायला लावले, हेही. 

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "हे इतिवृत्तात लिहिलं आहेस?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि पुढे, जरा खाकरून, "त्या दिवशी तुझा प्रश्न रास्त होता. मी ऐकायला हवा होता." मिरचीमुळे असेल, पण त्यांचेही डोळे लाल झाले होते.

मग मिस्त्रीने सगळे ठोकळे काढून टाकले आणि कामाला सुरुवात केली. आधी मोजा, म्हणाला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत त्याने दोरी धरली. चारही चाकांपाशी मापं वेगवेगळी. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली. "हंय कोण बसता?" त्याने विचारलं. दादा आणि मी अण्णांकडे बघितलं. अण्णा मिरचीच्या पोत्यांकडे बघत राहिले.

मिस्त्रीचं म्हणणं असं, की गाडी जुनी आहे, पाटे बसलेत. त्यांची गेलेली कमान आधी परत आणा. लोहार पाटे तापवून वाकवून देईल. त्यात एक पाटा वाढवा. एवढ्याने दोन इंच मिळतील, ते पुरेत. आणि ते कशाला हवेत, तर मोठं चाक पत्र्याला घासू नये म्हणून. खरी उंची चाकच देणार. अण्णांना दोन इंच फारच कमी वाटले. तीन पाटे वाढवले तर?

"तुमका आंबे आणूचे आसत काय रणगाडो चालवूचो आसा?" मिस्त्री म्हणाला. तीन पाटे वाढवले तर रिकाम्या गाडीत दात खिळखिळे होतील आणि वळणावर गाडी परत तशीच बोटीसारखी डुलेल. मग त्याने विचारलं, गाडीत चढणार कोण कोण?

तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, "आई चढली पाहिजे." हे मी का म्हटलं कोण जाणे. तोवर आई वाडीला येणार असं कोणी बोललंसुद्धा नव्हतं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तिला पाय ठेवायला लावला, मग त्याहून उंच पेटीवर. स्टुलावर पाय ठेवताना ती भिंतीला हात लावत होती, पेटीवर तिला जमलं नाही. मी खडूने भिंतीवर स्टुलाच्या उंचीची खूण केली. आईने विचारलं हे काय चाललंय, तर मी ऑफिसचं काम म्हटलं. मोठ्या चाकाची भर धरून गाडीची पायरी त्या खुणेच्या खाली यायला हवी होती. दोन इंचांत ती जेमतेम आली. अण्णांनी सभा न बोलावता होकार दिला. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

पाटे लागले, मोठी चाकं चढली, आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. आई एका हाताने दार धरून, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून चढली आणि अण्णांच्या जागेवर बसली. चाकावर दादा होता. मी अण्णांकडे बघितलं.

"आज परीक्षा आहे," ते नजर चुकवत म्हणाले. "आज दादा. तू पुढच्या खेपेला."

"तुम्ही म्हणाला होतात—"

"वहाळ ओलांडल्यावर, असं म्हणालो होतो. अजून ओलांडलेला नाही."

मी आणि अण्णा हौद्यात बसलो. बदलापूर येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. मला एवढा राग आला होता, की रस्त्यातल्या एका खड्ड्याला ते उडाले तेव्हा मला बरं वाटलं.

वहाळाच्या काठावर दादाने गाडी थांबवली. मागच्या वेळचा धसका होताच. इंजिन बंद केलं तर परत ढकलावी लागेल म्हणून ते चालूच ठेवून तो खाली उतरला आणि दगडाकडे गेला. ओझं कमी करायला अण्णाही उतरले. आई म्हणाली, "मला सारखं चढउतर करायला लावू नका, मी बसते." दगडापाशी दोघांचं सुरू झालं. डावं चाक चाकोरीतच ठेवायचं, की कडेने न्यायचं? दादाने एक सूचना केली, अण्णांनी तीत दुरुस्ती. गावातला एक म्हातारा बिडी ओढत उभा होता, त्याचंही मत घेतलं गेलं.

मी हौद्यातून उतरले. मोकळ्या दाराने आत शिरले आणि चाकावर बसले. आईने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मी पहिला गिअर टाकला. गाडी उतारावर लागली तसे दगडापाशी उभे असलेले तिघे तीन दिशांना उड्या मारून बाजूला झाले. "अगं! अगं!" एवढंच मला ऐकू आलं. चाकोरीत चाक शिरलं आणि स्टिअरिंग माझ्या हातातून निसटायला बघू लागलं. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पाणी घोट्याएवढंच होतं. पुढची चाकं दगडाच्या पलीकडे गेली. मग मी तो आवाज ऐकायला कान टवकारले. मागची चाकं दगडाच्या दोन्ही बाजूंनी गेली, आणि खालून काहीच आलं नाही. नुसतं पाणी वाजलं.

गाडी घरघरत पलीकडचा काठ चढली. आता थांबायला हवं होतं. मागे दोघे वहाळात उभे होते, आरशात अण्णांचं भिजलेलं धोतर दिसत होतं. पुढे अर्धा मैल चढ होता आणि ऊन होतं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"थांबू नकोस," आई म्हणाली.

"अगं, पण अण्णा..."

आई समोर बघत होती. बांधापलीकडे आमच्या आंब्यांचे शेंडे दिसायला लागले होते, आणि तिने ते तिथे उभे असलेले कधीच बघितले नव्हते. मला त्या क्षणी ती इतकी आवडली, की तिचा हात धरावासा वाटला, पण माझे दोन्ही हात चाकावर होते.

"येतील चालत," ती म्हणाली. "तू चालव."

मी पाय परत खाली दाबला.